चोर सोडून संन्याशाला

२२ जुलै २००५. दक्षिण लंडनमधल्या टल्स हिल भागात, स्कोशिया रोडवरच्या एका इमारतीतून सकाळी साडेनऊच्या सुमारास एक तरुण बाहेर पडला. वय २७. अंगात डेनिमचं जॅकेट, हात मोकळे. नाव जाँ चार्ल्स द मेनेझेस. आडनावावरून आपल्याला तो गोव्याकडचा वाटेल, पण तो ब्राझीलचा. मिनास जेराइस प्रांतातल्या गोन्झागा नावाच्या गावातून तीन वर्षांपूर्वी लंडनला आलेला, धंद्याने वायरमन. त्या दिवशी किल्बर्नला कुणाचा तरी फायर अलार्म बिघडला होता, तो दुरुस्त करायला निघाला होता.

इमारतीवर पहाटे सहापासून पाळत होती, आणि त्याचं कारण आदल्या दिवसात होतं. २१ जुलैला लंडनमधल्या शेफर्ड्स बुश, वॉरन स्ट्रीट आणि ओव्हल या तीन स्टेशनांजवळच्या भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये बॉम्ब फोडायचा प्रयत्न झाला. डिटोनेटर उडाले, मुख्य स्फोटकं उडाली नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मिसळलं होतं चक्क चपातीचं पीठ. त्याच्या दोनच आठवडे आधी, ७ जुलैला, अशाच हल्ल्यांत ५२ माणसं मेली होती. आता चार हल्लेखोर जिवंत, मोकळे आणि बेपत्ता. न फुटलेल्या एका पिशवीत पोलिसांना जिमचं ओळखपत्र सापडलं. नाव हुसेन ओस्मान, वर छोटासा फोटो. पत्ता निघाला स्कोशिया रोडचा. ओस्मानच्या नावावरचं घर आणि मेनेझेसचं घर यांचा बाहेरचा दरवाजा एकच होता.

एवढंच. दोघांत समान काय होतं असं विचारलं, तर खात्रीने सांगता येईल असा तो दरवाजा.

इमारतीसमोर उभ्या व्हॅनमध्ये एक सैनिक बसला होता. चौकशीत त्याला 'फ्रँक' हे टोपणनाव दिलं गेलं. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाचं चित्रण करायचं, हे त्याचं काम. मेनेझेस बाहेर आला तेव्हा फ्रँक बाटलीत लघवी करत होता. कॅमेरा चालू करायला हात मोकळा नव्हता. त्याने नुसतं डोळ्यांनी पाहिलं आणि वायरलेसवर सांगितलं की, आणखी कुणीतरी याच्याकडे एकदा नजर टाकली तर बरं. माणसाचं वर्णन देताना त्याने ब्रिटिश पोलिसांची 'आयसी वन' ही खूण वापरली. तिचा अर्थ गोऱ्या वर्णाचा. ओस्मान मूळचा इथिओपियाचा. म्हणजे त्या सकाळी ज्या पहिल्या नजरेने मेनेझेसला पाहिलं तिने त्याला ओस्मानपासून वेगळं काढलंच होतं, आणि पुढच्या अर्ध्या तासात ते वेगळेपण हळूहळू मिटवलं गेलं.

मेनेझेसने दोन नंबरची बस पकडली. ब्रिक्स्टनला उतरला. आदल्या दिवशीच्या गोंधळामुळे ते स्टेशन बंद होतं. दार बंद पाहून तो पळत मागे आला आणि त्याच बसमध्ये पुन्हा चढला. अंधेरीत किंवा स्वारगेटला असं रोज हजार माणसं करतात. पण मागावर असलेल्या लोकांना स्टेशन बंद असल्याचं ठाऊक नव्हतं. उतरला आणि लगेच चढला, म्हणजे पाठलाग होतोय का ते चाचपतोय, असं त्यांना वाटलं. घाबरलेल्या नजरेला माणसाची सगळी हालचाल सूचक दिसायला लागते. थांबला तर का थांबला, निघाला तर का निघाला.

स्टॉकवेल स्टेशनवर तो दहाच्या सुमारास शिरला. तिथे फुकट मिळणारं 'मेट्रो' हे वर्तमानपत्र त्याने उचललं. ऑयस्टर कार्ड टेकवून गेटमधून आत गेला. सरकत्या जिन्याने खाली उतरला. गाडी फलाटावर लागलेली दिसली तसा शेवटची काही पावलं धावला आणि डब्यात जाऊन बसला. मला या सगळ्यात ते वर्तमानपत्र राहून राहून आठवतं. ज्याला चार मिनिटांत स्वतःला उडवायचं आहे तो वाचायला पेपर कशाला घेईल? पण हा प्रश्न पडायला मागे चालणाऱ्याच्या मनात थोडी जागा मोकळी असावी लागते.

दरम्यान स्कॉटलंड यार्डच्या नियंत्रण कक्षात काय चाललं होतं? रस्त्यावरच्या पथकाच्या प्रमुखाला विचारलं गेलं, तोच आहे याची किती टक्के खात्री देतोस? टक्क्यांत सांगता येणार नाही, असं त्याचं उत्तर होतं. पण कक्षातल्या गलक्यात, फोन आणि वायरलेसच्या माऱ्यात 'असू शकेल'चं 'आहे' झालं. मोहिमेची सूत्रं क्रेसिडा डिक या अधिकारी बाईंकडे होती. त्यांनी त्याला थांबवा असा हुकूम दिला. तो कानावर पडला तो सशस्त्र पथकाच्या, आणि ते पथक पहाटेपासून मागवलेलं असूनही उशिरा पोचलेलं. आत्मघाती हल्लेखोराला कसं थांबवतात याचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं होतं. डोक्यात गोळी घालून, कारण छातीत घातली तर बॉम्ब उडेल. त्याच कक्षातल्या एका अधिकाऱ्याने संगणकावरच्या आपल्या टिपणातली एक ओळ नंतर पुसून टाकली होती. हे त्याने स्वतःच २००८ मध्ये कबूल केलं. ओळीचा आशय असा, की हातात काही नाही, तेव्हा जाऊ द्या त्याला भुयारी गाडीत.

डब्यात पाळतीवरचा एक पोलीस आधीच येऊन बसला होता. सशस्त्र साथीदार फलाटावर दिसताच तो 'हा इथे आहे' असं ओरडला. मेनेझेस उठून उभा राहिला. त्या पोलिसाने त्याला मिठी मारून हात अंगाशी आवळले आणि सीटवर ढकललं. सात गोळ्या डोक्यात, एक खांद्यात. पुढच्याच क्षणी त्याच पोलिसाला फरफटत बाहेर काढून त्याच्या साथीदारांनी त्याच्यावर बंदूक रोखली, कारण साध्या वेशातला तोही त्यांना अतिरेकी वाटला. गाडीचा मोटरमन जिवाच्या भीतीने बोगद्यात पळाला. त्याच्याही मागे बंदूक घेऊन एक जण धावला. पाच मिनिटांच्या आत तीन माणसं, तिन्ही ओळखी चुकीच्या. दोघं वाचले एवढंच.

दुपारी पोलीस आयुक्त इयन ब्लेअर यांनी पत्रकारांना सांगितलं की, मेलेल्या माणसाचा दहशतवादविरोधी मोहिमेशी थेट संबंध होता. उन्हाळ्यात जाड कोट घातला होता, गेटवरून उडी मारून पळाला, अशा गोष्टी दिवसभर वाहिन्यांवर चालल्या. कोट नव्हता आणि उडीही नव्हती. दुसऱ्या दिवशी यार्डाने कबूल केलं की, या माणसाचा कशाशीच काही संबंध नव्हता. खरा ओस्मान त्यानंतरही चार दिवस इंग्लंडात होता, मग रेल्वेने निघाला आणि २९ जुलैला रोममध्ये पकडला गेला. २००७ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान ४० वर्षांची.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात विलक्षण भाग. गोळ्या घालणाऱ्या पोलिसांपैकी कुणावरही खटला झाला नाही. लंडन पोलिसांवर संस्था म्हणून खटला भरला गेला, तोसुद्धा १९७४ च्या आरोग्य आणि सुरक्षितता कायद्याखाली. कारखान्यात यंत्राला जाळी न बसवणाऱ्या मालकावर ज्या कायद्याने खटला होतो, त्याच. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ओल्ड बेलीत सुनावणी चालू असताना बचाव पक्षाने ज्यूरीला एक चित्र दाखवलं. अर्धा चेहरा मेनेझेसचा, अर्धा ओस्मानचा, मधोमध जोडलेला. पाहा, पाळतीवरच्या माणसांचं काम किती अवघड होतं, असं त्यांना म्हणायचं होतं. सरकारी वकील क्लेअर माँटगोमेरी यांनी आक्षेप घेतला की, हे चित्र ताणलं किंवा लहान-मोठं केलेलं आहे, चेहऱ्याचं मूळ प्रमाणच राहिलेलं नाही. न्यायाधीशांनीही ज्यूरीला सांगितलं की, हा गंभीर आरोप आहे.

विचार करा. माणूस मरून दोन वर्षं उलटली होती, आणि त्याला दुसऱ्यासारखं दिसायला लावायचं काम अजून चालूच होतं. २२ जुलैला जे साम्य नव्हतं ते नंतर तयार करून कोर्टात आणलं गेलं. दोघे सारखे दिसत असते तर जोडलेल्या चेहऱ्याची गरज काय होती? दोन फोटो शेजारी ठेवले असते की काम झालं असतं. दोन्ही चेहरे आज कुणालाही पाहता येतात. मी ते बराच वेळ पाहिले आहेत. काळे केस आणि सावळेपणाकडे झुकणारा रंग यापलीकडे मला काही सापडलं नाही. पण मी घरात बसून, चहा पिता पिता पाहत होतो, हेही खरं.

ज्यूरीने पोलिसांना दोषी धरलं. दंड १,७५,००० पौंड, वर खटल्याचा खर्च. डिक बाईंवर व्यक्तिशः ठपका नाही, असंही ज्यूरीने आवर्जून नोंदवलं. २०१७ मध्ये त्या लंडनच्या पहिल्या महिला पोलीस आयुक्त झाल्या.

मृत्यूची चौकशी २००८ मध्ये झाली ती ओव्हल क्रिकेट मैदानाच्या इमारतीत. आपल्याला ओव्हल आठवतं ते १९७१ चं. वाडेकरांचा संघ, चंद्रशेखरचे सहा बळी, भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेली पहिली मालिका. त्याच मैदानाला लागून असलेल्या स्टेशनवर २१ जुलैचा एक बॉम्ब फुसका निघाला होता, आणि तिथल्याच दालनात गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एक जण साक्ष देताना रडला. ज्यूरीपुढे प्रश्नांची यादी ठेवली होती. गोळी घालण्याआधी 'सशस्त्र पोलीस' असा इशारा दिला का? नाही. मेनेझेस बंदूकधाऱ्याच्या अंगावर चालून गेला का? नाही. त्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे संशय वाढला, हे मृत्यूचं एक कारण होतं का? नाही. ओस्मानचा अधिक चांगला फोटो मिळवून पथकाला दिला नाही, हे कारण होतं का? होय. रस्त्यावरच्यांना काय वाटतंय हे कक्षापर्यंत नीट पोचलं नाही, हे? होय. 'बेकायदा हत्या' असा निर्णय द्यायचा पर्याय मात्र ज्यूरीला दिलेलाच नव्हता. मग त्यांनी प्रश्न खुला ठेवला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१६ मध्ये १३ विरुद्ध ४ मतांनी इंग्लंडच्या बाजूने कौल दिला. चार जणांना तरी पटलं नाही, असं म्हणून मी माझं समाधान करून घेतो.

एरवी अशी चूक ही गंमतच असते. दादरच्या पुलावर एकदा माझ्या पाठीत सणसणीत थाप बसली. "काय रे सुध्या, फोन उचलत नाहीस ते?" मी वळलो. त्याचा चेहरा एवढासा झाला. "सॉरी हां, मागून सेम वाटलात." रे वरून तुम्हीवर यायला त्याला अर्धा सेकंद लागला. तो सुध्या कोण, त्याने फोन का उचलला नव्हता, याचं कुतूहल मला बरेच दिवस होतं. त्याने पैसे बुडवले असतील तर थाप जरा वेगळी बसली असती, हे मनात यायला मात्र वेळ लागला.

आपल्या माणसाला आपण पाठमोरंसुद्धा ओळखतो. चालीवरून ओळखतो, खोकल्यावरून ओळखतो. त्यामुळे चेहरे ओळखण्यात आपण पटाईत आहोत असा आपला समज असतो. अनोळखी चेहऱ्याची गोष्ट निराळी. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटी काही साधे प्रयोग केले. एका माणसाचा स्वच्छ फोटो दाखवायचा, शेजारी दहा चेहऱ्यांचा तक्ता, यातला तो कोणता ते सांगा. वेळेचं बंधन नाही, फोटो उत्तम, दोन्ही एकाच दिवशी काढलेले. तरी लोक दहातल्या सुमारे तीन वेळा चुकले. आता यातून वेळ काढून घ्या, चांगला फोटो काढून घ्या, आणि त्याऐवजी जिमच्या कार्डावरचा चिमुकला चेहरा आणि मनात दोन आठवड्यांची भीती ठेवा.

भीतीसारखंच सूडाचं. मेनेझेसच्या ३२ वर्षं आधी, तेही जुलैतच, नॉर्वेतल्या लिलहॅमर या लहानशा गावात अहमद बुशिखी नावाचा मोरोक्कोचा वेटर रात्री आपल्या गरोदर बायकोबरोबर सिनेमा पाहून बसने घरी येत होता. बसमधून उतरून चालायला लागले आणि मोटारीतून उतरलेल्यांनी बायकोसमोर त्याला गोळ्या घातल्या. मारणारे इस्रायलच्या मोसादचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ११ इस्रायली मारले गेले, त्यामागचा म्हणून ते अली हसन सलामे याला शोधत होते आणि बुशिखी म्हणजेच सलामे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गावातल्या हॉटेलात ताटं नेणारा, पोहण्याच्या तलावावर काम करणारा माणूस हा इतक्या मोठ्या संघटनेचा सूत्रधार कसा असेल, हा प्रश्न उलट त्याच्याविरुद्धच गेला असणार. बघा, किती बेमालूम सोंग घेतलंय! मारेकऱ्यांच्या साथीदारांपैकी काही जण भाड्याच्या मोटारीच्या नंबरावरून पकडले गेले, पाच जणांना शिक्षा झाल्या आणि दोन वर्षांत सगळे सुटले. इस्रायलने बुशिखीच्या कुटुंबाला नुकसानभरपाई दिली ती १९९६ मध्ये, जबाबदारी न स्वीकारता. खरा सलामे आणखी साडेपाच वर्षं जगला. बुशिखीचा भाऊ चिको पुढे 'जिप्सी किंग्ज' या संगीतमंडळीच्या संस्थापकांपैकी एक म्हणून जगभर गाजला.

माणसाला जे हवंय किंवा ज्याची धास्ती आहे ते त्याला समोरच्या चेहऱ्यात दिसतं. पुण्याने याची दुसरी बाजू पाहिली आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊंचं काय झालं याची खात्री कित्येकांना पटेना, आणि मग सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, जाणत्या माणसांनी त्याला मुजरे केले. भाऊ परत यावेत असं ज्यांना फार वाटत होतं त्यांना तो भाऊंसारखा दिसला. १७७६ मध्ये पुण्यात त्याचा वध झाला. त्याने निदान सोंग स्वतः घेतलं होतं.

आणि ज्याने सोंग दुसऱ्यासाठी घेतलं, त्याचं नाव आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. १६६० च्या जुलैत (हा महिनाच वाईट दिसतो) सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले तेव्हा दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला. परंपरा सांगते की तो नाभिक, पायथ्याच्या नेबापूरचा, आणि महाराजांसारखा दिसणारा. पकडला गेला, ओळख उघडी पडली, मारला गेला. आपण त्याचं स्मरण करतो ते योग्यच आहे. पण मला वाटतं, त्या गोष्टीत त्याचा चेहरा दुय्यम आहे. अंधार, पाऊस, पालखी, जिरेटोप आणि महाराज पळताहेत ही शत्रूची धास्ती, एवढं असल्यावर कुणीही थोडा वेळ महाराजांसारखा दिसला असता. त्या पालखीत बसायला कोण तयार होतो, हे मोठं. काशीदला माहीत होतं आपण कुणाच्या जागी बसलोय. मेनेझेसला शेवटपर्यंत कळलं नाही की, आपण कुणीतरी दुसरे आहोत.

कधी कधी तर ज्याच्यासारखं दिसायचं तो माणूसच अस्तित्वात नसतो. ११ सप्टेंबरनंतर चौथ्या दिवशी अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळ्या घातल्या गेल्या. पगडी आणि दाढी पाहून मारणाऱ्याने त्यांना अरब ठरवलं होतं. ते कुणा एका माणसासारखे दिसत नव्हते. ते एका भीतीसारखे दिसत होते.

आणि १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गावात आले होते. ही मंडळी सोलापूरकडच्या मंगळवेढ्याच्या बाजूची. शेकडो वर्षं हे लोक गावोगाव फिरत आले. कधीकाळी गावाला त्यांच्या येण्याचे दिवससुद्धा पाठ असत. त्या महिन्यांत मात्र देशभर मोबाइलवर एकच हाकाटी होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे. फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत तयार केलेली, मुलांची काळजी घ्या असं सांगणारी जाहिरात होती. तिचा शेवट, जिथे मूल परत आणून सोडतात तो, कुणीतरी कापून टाकलेला. बाजारात कुणीतरी कुणाकडे बोट दाखवलं. पाचही जणांना मारहाण झाली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, आणि तिथे लाथा-काठ्यांनी ठेचून मारलं.

टोळी नव्हतीच. ते पाच जण दिसले कुणासारखे? हुसेन ओस्मान निदान होता, सलामे होता. राईनपाड्याला खरा चोर नंतर रोममध्ये पकडला जाणार नव्हता. साप साप म्हणून भुई धोपटायची म्हण आपण सहज वापरतो, तिथे भुईच्या जागी पाच बाप होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना आदेश दिले, आणि व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

सारख्या दिसणाऱ्या माणसांना मुद्दाम बोलावून घेणारी एकच जागा माझ्या माहितीत आहे, ती म्हणजे तुरुंगातली ओळख परेड. आरोपीच्या वयाची, उंचीची, बांध्याची, रंगाची निदान पाच-सहा माणसं गोळा करायची आणि आरोपीला त्यांच्यात उभं करायचं. त्यांना डमी म्हणतात. आरोपीने हवी ती जागा घ्यावी, हवं तर शर्ट बदलावा. गालावर व्रण असेल तर सगळ्यांच्याच गालावर त्या जागी कागदाची पट्टी चिकटवायची. पोलिसांनी आत यायचं नाही. मग साक्षीदाराला आणायचं. ही सगळी व्यवस्था ज्याने पहिल्यांदा बसवली त्याला माणसाच्या नजरेवर काडीचा विश्वास नव्हता, आणि मला तो शहाणा वाटतो.

माझा मामा तरुणपणी असा डमी झाला होता. सातबारा काढायला तालुक्याला गेला होता, तर नायब तहसीलदार झुपकेदार मिशीवाले, मध्यम बांध्याचे गडी शोधत फिरत होते. चहा मिळेल, जीपने सोडू, म्हणाले. मामाला तुरुंग आतून पाहायचाच होता. सात जणांच्या रांगेत तो तिसरा उभा राहिला. दरोड्यात मार खाल्लेला एक म्हातारा व्यापारी आत आला. रांगेवरून एकदा चालत गेला, परत फिरला आणि थेट येऊन मामाच्या छातीवर हात ठेवला. "हाच. याला मी मसणातही ओळखेन."

नायब तहसीलदारांनी शांतपणे लिहून घेतलं, साक्षीदाराने चुकीच्या इसमास ओळखले. मामाला चहा मिळाला, वर एक बिस्किटाचा पुडा. आरोपी शेजारीच उकिडवा बसला होता. त्याने मामाकडे पाहून हात जोडले म्हणे. मामा ही गोष्ट लग्नकार्यात सगळ्यांना हसत हसत सांगायचा, पण एक वाक्य त्याने कधी गाळलं नाही. "अरे, तो एवढ्या खात्रीने आला ना, क्षणभर मलाच वाटलं, केलं असेल का आपण?"

मामीला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न्हाव्याला घरी बोलावून मामाची मिशी काढायला लावली.